खाटेभोवतीचा उंबरठा: रुग्णालयात हात नेमके कधी स्वच्छ करायचे?

हात धुणं आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बाहेरून आलो की, जेवायला बसण्याआधी, संडासला जाऊन आल्यावर आपण हात धुतो. आईने, आजीने लावलेली सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण या सगळ्या वेळा नीट पाहिल्या तर कळतं, की आपण हात धुतो ते स्वतःसाठी. बाहेरची घाण आपल्या पोटात जाऊ नये म्हणून. रुग्णालयात नेमकी इथेच ही सवय तोकडी पडते. तिथे हात स्वच्छ करायचे ते खाटेवर पडलेल्या माणसासाठी, आणि त्याला हात लावायच्या आधी.

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षं संसर्ग नियंत्रणाचं काम करते. या कामाचा एक मोठा भाग म्हणजे हातात तक्ता घेऊन वॉर्डात उभं राहायचं आणि कोण कधी हात धुतं, कधी धुत नाही याच्या खुणा करायच्या. ड्रेसिंग बदललं, लघवीची पिशवी रिकामी केली, उलटी पुसली की बहुतेक सगळे बेसिनकडे वळतात, कुणी सांगावं लागत नाही. रुग्णाकडे जाताना मात्र तेच लोक सरळ खाटेपाशी जाऊन नाडी बघायला लागतात. तक्त्यावर 'नंतर'चा रकाना भरलेला आणि 'आधी'चा अर्धा रिकामा, हे चित्र मी सतत बघत आले. जगभरातल्या पाहण्यांमध्येही हेच आढळतं. मला याचा पूर्वी राग यायचा. आता वाटतं, की हा निष्काळजीपणा कमी आणि मनाची घडण जास्त आहे. घाणीला हात लागला की अंगावर शहारा येतो आणि पाय आपोआप नळाकडे वळतात. स्वच्छ दिसणाऱ्या हातांनी स्वच्छ दिसणाऱ्या माणसाला शिवताना तसं काहीच होत नाही.

असं काही वाटत नसतानाही काय घडू शकतं, हे पहिल्यांदा आकड्यांत पकडलं गेलं व्हिएन्नात. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. बाई कुठे भरती होणार हे ती कुठल्या दिवशी आली त्यावर ठरे. 1846 साली पहिल्या विभागात 4,010 बाळंतपणं झाली आणि 459 बाया दगावल्या, म्हणजे 100मागे 11हून जास्त. दुसऱ्या विभागात 3,754 बाळंतपणांत 105 मृत्यू, म्हणजे 100मागे तीनही नाहीत. दोन्ही विभाग एकाच रुग्णालयात, शेजारीशेजारी. शहरातल्या बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात नाव लागलं की त्या हातापाया पडून दुसरीकडे पाठवा म्हणून विनवत. मृत्यूचं कारण बहुतेक वेळा एकच असे, सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत ताप चढायचा, पोट फुगायचं आणि बघता बघता बाई जायची.

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर काम करत होता. मार्च 1847 मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेश्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती, एवढंच निमित्त. कोलेश्काच्या शरीरात ज्या खुणा सापडल्या त्या सूतिकाज्वराने गेलेल्या बायांमध्ये सापडणाऱ्या खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइसच्या मनात दुवा जुळला तो इथे. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. डॉक्टर साबणाने हात धुत, पण प्रेतांचा वास हाताला राहायचा. म्हणजे काहीतरी हातावर उरत होतं. मेच्या मध्यापासून त्याने नियम केला: तपासणीआधी क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवून घासायचे. पुढे त्याऐवजी स्वस्त पडणारी ब्लीचिंग पावडर आली, आपल्याकडे विहिरीत टाकतात तीच. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण 18 टक्क्यांवर होतं. जूनमध्ये ते सव्वादोन टक्क्यांच्या आत आलं. 1848 साली दोन्ही विभागांचे आकडे जवळजवळ सारखे झाले, सव्वा टक्क्याच्या आसपास.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची, कमी सांगितली जाणारी घटना. 1847च्याच ऑक्टोबरमध्ये पहिल्या विभागात गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई भरती झाली. तिच्या अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात होता. तपासणीची फेरी तिच्यापासून सुरू व्हायची. शवागारातून आल्यावर डॉक्टरांनी हात क्लोरीनने धुतलेलेच होते. पण तिला तपासल्यावर पुढच्या खाटेवर जाताना ते पुन्हा तसे धुतले नाहीत. तिच्याबरोबर त्या वेळी बाळंत होणाऱ्या 12 बायकांपैकी 11 जणी गेल्या. सेमेलवाइसला तेव्हा उमगलं, की धोका फक्त प्रेतांपासून नाही. जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडेही तो हातावरून जातो. त्यानंतर त्याने प्रत्येक रुग्णानंतर हात धुणं सक्तीचं केलं.

त्याचं म्हणणं त्या काळातल्या वैद्यकाने मनापासून स्वीकारलं नाही. जंतूंची कल्पनाच अजून रुजली नव्हती, आणि 'माझ्याच हातांनी माझे रुग्ण मेले' हे ऐकून घेणं कुठल्याही डॉक्टरला जड जाणारच. 1865 साली, वयाच्या 47व्या वर्षी, सेमेलवाइस मनोरुग्णालयात वारला. शरीरात जंतुसंसर्ग पसरून.

आता आपण आजच्या वॉर्डात येऊ. आपल्या हातावर दोन तऱ्हेचे जंतू असतात. काही कातडीचे कायमचे रहिवासी. ते खोल थरांत राहतात आणि सहसा त्रास देत नाहीत. दुसरे वाटसरू. खाटेच्या कठड्याला, सलाईनच्या स्टँडला, दुसऱ्या रुग्णाच्या अंगाला हात लागला की ते हातावर बसतात आणि पुढच्या वस्तूवर, पुढच्या माणसावर उतरतात. रुग्णालयात हे वाटसरूच घात करतात. त्यांची जातही वेगळी असते: क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस. यांतले कित्येक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, आणि कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्‌महिने तग धरू शकतात. पुसलेली, चकचकीत दिसणारी वस्तूसुद्धा म्हणूनच भरवशाची नसते. दिलासा एवढाच, की वाटसरू कातडीच्या वरच्या थरावर असतात, त्यामुळे नीट चोळलं तर निघून जातात.

कधी चोळायचं, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. 2009च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्या आहेत आणि आज जवळपास प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर त्यांचं पोस्टर लागलेलं असतं. पाठ करायला गेलं तर घोटाळा होतो. मी नव्या मुलींना शिकवताना एक चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगते. प्रत्येक खाटेभोवती एक उंबरठा आहे. दिसत नाही, पण आहे. त्याच्या आत रुग्ण, त्याची चादर, उशी, कठडा, लॉकर, सलाईन, मॉनिटर. बाहेर उरलेला सगळा वॉर्ड. उंबरठा ओलांडून आत जाताना, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी, हात स्वच्छ. का? तर इतर 20 खाटांचे जंतू त्याच्या घरात जाऊ नयेत. बाहेर पडताना पुन्हा स्वच्छ, कारण आता त्याचे जंतू वॉर्डभर न्यायचे नाहीत. रुग्णाला शिवलाच नाहीत, फक्त लॉकर सरकवला किंवा चादर नीट केली, तरीही बाहेर पडताना हात स्वच्छ करायचे. आत जाताना एक आणि बाहेर येतानाच्या दोन, अशा तीन वेळा इथे झाल्या.

उरलेल्या दोन उंबरठ्याच्या आतल्या आहेत, आणि त्या समजावणं सर्वांत अवघड जातं. माणसाच्या शरीरातही स्वच्छ आणि अस्वच्छ जागा असतात. तोंडात, आतड्यात, कातडीवर जंतू असणारच. रक्तात किंवा शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेत ते असता कामा नयेत. त्याच रुग्णाच्या मांडीवरचा जंतू हातावरून त्याच्याच सलाईनच्या तोंडाशी पोहोचला तर तो त्याच्याच रक्तात उतरतो. म्हणून सलाईनमधून इंजेक्शन देण्याआधी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालण्याआधी, जखम उघडण्याआधी हात पुन्हा स्वच्छ करायचे, जरी आपण त्याच खाटेपाशी उभे असलो तरी. आणि रक्त, लघवी, पू, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर लगेच, पुढचं काही करण्याआधी.

एक प्रसंग सांगते. दुपारची ड्युटी बदलत होती. एक सिस्टर वॉर्डाच्या दारात आली, तिने सॅनिटायझर घेतलं, हात छान चोळले. मग खाटेभोवतीचा पडदा ओढला. केसपेपर उचलून डोस पाहिला, खिशातून पेन काढून वेळ लिहिली. तेवढ्यात फोन वाजला, तो बंद करून परत खिशात ठेवला. आजोबांची चादर सरकलेली होती, ती मायेने वर घेतली. आणि त्याच हातांनी त्यांच्या मनगटावरच्या इंट्राकॅथचं (शिरेत बसवलेल्या नळीचं) बूच उघडून इंजेक्शन दिलं. तिला विचारलं असतं तर तिने प्रामाणिकपणे सांगितलं असतं, 'मी हात स्वच्छ केले होते.' केले होतेच. पण दारापासून त्या बुचापर्यंत पडदा, केसपेपर, पेन, फोन आणि चादर अशा पाच गोष्टींना हात लागला, आणि ज्या क्षणी हात सर्वांत स्वच्छ हवे होते त्या क्षणी ते नव्हते. नंतर मी तिला बाजूला घेऊन हा क्रम बोटांवर मोजून दाखवला. ती पुढे म्हणाली, की तेव्हापासून बूच उघडताना आपोआप हात थांबतो. मला तक्त्यावरच्या शंभर खुणांपेक्षा ते थांबणं जास्त मोलाचं वाटतं.

'इतक्या वेळा बेसिनपाशी कसं जायचं?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. बेसिनपर्यंत जाणं-येणं वेगळंच. तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील तर दिवसभर त्यांनी हातच धुवावेत. खाटेपाशी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती यासाठी. 20 ते 30 सेकंदांत काम होतं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात बाटल्या खाटेपाशी आणल्या, पोस्टरं लावली, पाहण्या करून त्याचे निकाल कर्मचाऱ्यांना दाखवले. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण 16.9 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. लक्षात घ्या, प्रमाण 100 टक्के झालं नव्हतं. तरी एवढा फरक पडला.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल जंतूचं बाहेरचं आवरण विरघळवतं आणि आतली प्रथिनं बिघडवून टाकतं. अंडं उकळल्यावर पांढरं घट्ट होतं, साधारण तसंच. या कामाला थोडं पाणी लागतं. म्हणून अगदी शुद्ध अल्कोहोलपेक्षा 60 ते 80 टक्क्यांचं मिश्रण जास्त मारक ठरतं. 'जितकं कडक तितकं चांगलं' हा हिशोब इथे चालत नाही. हातावर घेतलेलं सॅनिटायझरही पुरेसं हवं. आचमनाला पाणी घेताना तळहाताची खळी करतो, ती खळी भरेल इतकं. थेंबभर घेऊन दोन तळवे एकमेकांवर घासले की झालं, असं नाही. हात पूर्ण सुकेपर्यंत चोळत राहायचं, आणि ओले असतील तर झटकायचे किंवा पुसायचे नाहीत.

दोन ठिकाणी सॅनिटायझर पुरत नाही. हात डोळ्यांना दिसेल इतके मळलेले असतील, रक्त किंवा विष्ठा लागलेली असेल, तर साबण आणि वाहतं पाणीच हवं. आणि रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे जुलाब होत असतील तरीही साबण-पाणीच. हा जंतू बीजाणू बनवतो, त्यांचं कवच इतकं जाड असतं की अल्कोहोल त्यांचं काही बिघडवू शकत नाही. साबणही त्यांना मारत नाही, पण सुटे करतो आणि पाणी वाहून नेतं. फार दिवस प्रतिजैविकं घेतलेल्या रुग्णाला जुलाब सुरू झाले की म्हणूनच आम्ही सावध होतो.

चोळायची पद्धत शाळेतल्या मुलांनाही आता येते. 'सुमन-के' म्हणून ती शिकवली जाते: सुलटा हात, उलटा हात, मूठ, अंगठा, नखं आणि शेवटी मनगट, म्हणजे हिंदीतली कलाई. मोठ्यांची चूक बहुतेक अंगठ्यावर आणि बोटांच्या टोकांवर होते. प्रशिक्षणात आम्ही एक चमकणारी जेल हाताला लावायला देतो, हात धुवायला सांगतो आणि मग निळ्या दिव्याखाली धरायला लावतो. तळवे स्वच्छ असतात. अंगठ्याचा बाहेरचा भाग, नखांच्या कडा आणि अंगठीखालची जागा मात्र लखलखत असते. रुग्णाला आपण सर्वांत जास्त कशाने स्पर्श करतो? बोटांच्या टोकांनीच. त्या एका मिनिटात जे कळतं ते तासाभराच्या व्याख्यानाने कळत नाही, म्हणून मी तो दिवा सगळीकडे बरोबर नेते.

अंगठी आणि बांगड्यांचा विषय नाजूक आहे. नवं लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा घालून ड्युटीवर येते, तिला 'काढ' म्हणताना माझंही मन कचरतं. पण बांगड्यांखाली ओलावा आणि जंतू राहतात, त्यामुळे मनगट धुतलंच जात नाही. मी आधी दिव्याखाली तिचा हात तिलाच दाखवते. बहुतेक जणी मग आपणहून ड्युटीपुरत्या बांगड्या काढून ठेवतात.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. हातमोजे घातले म्हणून हात स्वच्छ करणं टळत नाही. त्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागते. त्याहून वाईट म्हणजे तेच हातमोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणं. घालणारा सुरक्षित राहतो आणि रुग्णाला काहीच संरक्षण मिळत नाही. बेसिनशेजारी खिळ्याला टांगलेला, सकाळपासून सगळ्यांनी वापरलेला नॅपकिनही तसाच. धुतलेले हात त्याला पुसले की धुतलेलं वाया गेलं.

हे सगळं रुग्णालयातल्या लोकांसाठी आहे, आपल्याला काय करायचंय, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण आपल्याकडे प्रत्येक खाटेशी घरचं एक माणूस बसलेलं असतं आणि निम्मी शुश्रूषा तेच करतं. लेक आईला भरवते, जावई लघवीची पिशवी रिकामी करतो, सून पाठ पुसते. म्हणजे त्यांचे हातही याच हिशोबात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार रुग्णालयात भरती झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे 7 आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे 15 जणांना तिथेच एखादा नवा संसर्ग होतो. अशा संसर्ग झालेल्या सरासरी दहा जणांमागे एकाचा जीव जातो. आपण या दुसऱ्या गटात आहोत.

तुमचं माणूस भरती असेल तर एवढं सांभाळा. खाटेपाशी आलात की आधी हात स्वच्छ, मग डोक्यावरून मायेने हात फिरवा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका, आणि नळीचा जोड स्वतः सोडू नका. ती रिकामी करायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हात स्वच्छ. शेजारच्या खाटेवरच्या आजींना पाणी द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण मधे हात धुवा. तिथे तुमच्या माणसाचा आणि त्यांचा, असे दोन उंबरठे ओलांडले जातात. रोज राउंडला एक प्रश्न विचारा: 'ही नळी अजून लागणार आहे का?' जितके दिवस कॅथेटर किंवा सलाईनची सुई आत, तितका धोका जास्त, आणि गर्दीत ती काढायची राहून जाते.

बाळंतिणीच्या खाटेपाशी हे दुपटीने लागू. बाळ बघायला येणारा प्रत्येक जण त्याच्या गालाला, ओठांना हात लावतो. नवजात बाळाला जंतुसंसर्ग किती सहज गाठतो हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जवळून पाहिलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. ऊब, स्तनपान, श्वास सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून वेळीच औषध देणं आणि या सगळ्याबरोबर स्वच्छ हात. 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. एकट्या हात धुण्याचं हे श्रेय नाही. पण आजही आशाताई बाळाला घ्यायच्या आधी हात धुते, ते त्याच शिकवणीतून. घरी आलेल्या पाहुण्यांना 'आधी हात धुऊन या, मग बाळ देते' म्हणायला बाळंतिणीला संकोच वाटतो. ते वाक्य घरातल्या आजीने म्हणावं. तिचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणि डॉक्टर किंवा सिस्टर हात स्वच्छ न करता खाटेपाशी आल्या तर? सांगायचं. भांडणाच्या सुरात नको. 'सिस्टर, हात लावायच्या आधी तेवढं सॅनिटायझर घेता का? घाबरट आहे हो मी जरा,' एवढं म्हटलं तरी पुरतं. मला दोन-चारदा रुग्णांच्या नातेवाइकांनी असं टोकलं आहे. पहिल्यांदा कान तापले होते, पण त्या बाईंचं बरोबर होतं. आणि खाटेपाशी टांगलेली बाटली रिकामी दिसली तर 'कुणीतरी भरेल' म्हणून सोडून देऊ नका. काउंटरवर येऊन सांगा. ती भरून ठेवणं आमचं काम आहे.